गेम लावला की स्क्रीन काळी: ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हरचा बिघाड घरीच कसा शोधायचा

"कार्ड उडालं वाटते भाऊ." आपल्या विदर्भात मे महिन्यात हे वाक्य फार ऐकू येतं, आणि दिवाळीनंतर गव्हा-हरभऱ्याचं ओलीत सुरू झालं की पुन्हा एकदा. नेमक्या याच दोन हंगामांत कार्डं का उडावीत? तर बहुतेक वेळा ती उडालेलीच नसतात. उन्हाळ्यात उष्णतेनं घात केलेला असतो आणि हिवाळ्यात लाईटनं. ड्रायव्हरचा (विंडोज आणि कार्ड यांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचा) नंबर त्यानंतर, आणि खरोखर मेलेलं कार्ड सगळ्यात शेवटी. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ मात्र पहिल्याच मिनिटाला "ड्रायव्हर अपडेट करा" म्हणतात. ते एसीत बसून केलेले असतात.

लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करणारे, फ्लेक्सचं डिझाइन करणारे आणि संध्याकाळी गेम खेळणारी पोरं, यांच्यापैकी ज्यांनी आजवर कॅबिनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. लागणारं सामान थोडं आहे: फुलीचा स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा नवा कोरडा ब्रश, एक पेनड्राइव्ह आणि एक वही. डिजिटल मल्टिमीटर असेल तर उत्तम.

आधी वही

बिघाड कसा झाला हे नीट पाहिलं तर निम्मं काम तिथंच होतं. "बंद पडते" एवढ्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. प्रत्येक वेळी वहीत लिहा: तारीख, वेळ, तेव्हा काय चालू होतं, लाईट कशी होती (बल्ब मंद होता का, गावात मोटारी चालू होत्या का) आणि स्क्रीनवर नेमकं काय दिसलं. साधारण चार प्रकार दिसतील.

स्क्रीन दोन-चार सेकंद काळी होऊन परत आली, आवाज चालू राहिला, फक्त गेम किंवा एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद झालं, तर ते ड्रायव्हर कोसळून पुन्हा उभं राहणं आहे. विंडोज व्हिस्टापासून अशी सोय आहे की कार्डानं दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज स्वतःच ड्रायव्हर पुन्हा चालू करतं. एका मिनिटात हे वारंवार झालं किंवा कार्ड उठलंच नाही, तर निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर "व्हिडिओ टीडीआर फेल्युअर" असं काहीतरी असतं. हा दुसरा प्रकार, पहिल्याचाच मोठा भाऊ.

तिसरा प्रकार अगदी वेगळा. निळी स्क्रीन नाही, मेसेज नाही, खटकन बंद किंवा सरळ रीस्टार्ट. इथे ड्रायव्हरच्या मागे लागू नका, एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) आणि लाईटकडे बघा.

चौथा म्हणजे रंगीत ठिपके, चौकटी, उभ्या रेघा. त्या विंडोज सुरू होण्याआधी, कंपनीचा लोगो येतो त्या स्क्रीनवरसुद्धा दिसत असतील, तर ड्रायव्हर निर्दोष आहे, कारण तो तोवर लोडच झालेला नसतो. मात्र आधी केबल आणि मॉनिटर बदलून बघा. उंदरानं कुरतडलेल्या केबलनंही असेच चाळे होतात.

स्क्रीन गोठली असेल तर बंद करण्याआधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटनं एकदम दाबा. एक बारीक बीप येते, स्क्रीन मिचकते आणि ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. त्यानं चित्र परत आलं तर वाचलेलं काम आधी सेव्ह करा.

विंडोजनं काय लिहून ठेवलंय

स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी" टाइप करा आणि "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" उघडा. दिवसवार तक्ता येतो, लाल फुली म्हणजे बिघाड. "हार्डवेअर एरर" किंवा "लाईव्ह कर्नल इव्हेंट" आणि सोबत १४१ किंवा ११७ असा कोड दिसला तर बोट ग्राफिक्सकडे आहे. जास्त खोलात जायचं असेल तर "इव्हेंट व्ह्यूअर"मध्ये विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. तिथे "डिस्प्ले" नावाखाली ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे वरचा पहिला प्रकार. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर "एनव्हीएलडीडीएमकेएम" हे उच्चारता न येणारं नाव दिसेल. ती त्यांच्या ड्रायव्हरची फाइल आहे, व्हायरस नव्हे.

एक नोंद मात्र आपल्याकडे फसवते. "कर्नल-पॉवर ४१" चा अर्थ एवढाच की कॉम्प्युटर नीट शटडाऊन न होता बंद पडला. शहरात ही नोंद दिसली की एसएमपीएसवर संशय घेतात. आपल्याकडे लाईट गेली की तीच नोंद होते, म्हणून यादीत ४१ ची रांगच लागलेली असते. वहीतल्या वेळा तिच्याशी जुळवा. लाईट असताना, गेम चालू असताना आलेली ४१ तेवढी कामाची. वही काढायला सांगितली ती यासाठीच.

ऊन आणि रुई

टेकपॉवरअपचं जीपीयू-झेड हे फुकटचं, काही एमबीचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. त्यातल्या "सेन्सर्स" पानावर कार्डाचं तापमान दिसतं. खाली "लॉग टू फाइल" वर टिक करा आणि मग गेम लावा. कॉम्प्युटर कोसळला तरी फाइल राहते, आणि तिच्या शेवटच्या ओळीत कोसळतानाचं तापमान सापडतं.

भर कामात ८०-८३ अंशांपर्यंत काळजीचं कारण नाही. एनव्हिडियाच्या बऱ्याच कार्डांची कमाल मर्यादा ९० ते ९७ च्या दरम्यान असते. जीटीएक्स १०५० टीआय या कार्डाची ९७. मर्यादा जवळ आली की कार्ड आधी स्वतःचा वेग कमी करतं. म्हणजे गेम पहिला अर्धा तास छान चालून मग अडखळायला लागला आणि त्यानंतर कोसळला, तर तापमानावर जवळजवळ शिक्कामोर्तब.

आता हिशेब बघा. कार्ड खोलीपेक्षा ४५ अंशांनी जास्त तापतं असं धरू. डिसेंबरात खोली २५ अंशांवर, कार्ड ७०. चंद्रपूर, अकोला, वर्धा या पट्ट्यात मेमध्ये बाहेरचा पारा ४५ च्या वर जातो, टिनाच्या छपराखालची खोली दुपारी ४२ सहज असते. तेच कार्ड, तोच गेम, ८७. त्यात धूळ मिळवा. नवतप्यात दुपारी दोन वाजता रेंडरिंग लावणं म्हणजे भर उन्हात बैल जुंपणं. ते काम पहाटे लावा.

धूळही आपल्याकडे साधी नाही. वणी-राजुऱ्याकडे ती कोळशाची, गडचांदूरकडे सिमेंटची, आणि हिंगणघाट, पांढरकवडा, अकोट अशा जिनिंगच्या गावांत हंगामात हवेत रुईच असते. घरात कापूस साठवला असेल तर विचारूच नका. वरून पंखा स्वच्छ दिसतो. टॉर्च मारून पंख्याच्या पात्यांमधून खाली बघा: हीटसिंकच्या (कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पातळ पट्ट्यांच्या तोंडावर राखाडी रुईचा सलग थर बसलेला असतो. पंखा फिरतो, हवा मात्र आत जात नाही. तो थर चिमटीत धरून ओढला की अख्खाच्या अख्खा निघून येतो.

साफ करण्याची पद्धत अशी:

१. शटडाऊन करा, बोर्डातून पिन काढा आणि कॅबिनेटचं बटन चार-पाच सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा.

२. डावीकडचं पत्र्याचं झाकण काढा. कार्डाला वेगळी वायर जोडलेली असेल तर तिची कडी दाबून ती सोडवा. मागचा स्क्रू काढा. स्लॉटच्या टोकाला प्लॅस्टिकची एक बारीक कडी असते, ती दाबल्याशिवाय कार्ड ओढू नका. घाईत तुटते ती नेहमी हीच कडी.

३. पंखा बोटानं धरून ठेवा आणि ब्रशनं धूळ काढा. ब्लोअर असेल तर वापरा, पण पंखा मोकळा सोडून हवा मारू नका. तो भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातली हवा तर मुळीच नको, तिच्यात पाणी आणि तेल येतं.

४. कार्डाच्या सोनेरी पट्टीवरून पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवा, भुसा झटका. पावसाळ्यानंतर ही पट्टी काळवंडलेली असते, आणि एवढ्यावरच बरी झालेली कार्डं पुष्कळ आहेत.

५. कार्ड "टक्" आवाज येईपर्यंत बसवा, स्क्रू लावा, वायर जोडा. रॅमही काढून तशीच पुसून बसवा.

सुरू केल्यावर पंखा फिरत नाही म्हणून घाबरू नका. बऱ्याच नव्या कार्डांचे पंखे गरम होईपर्यंत थांबलेलेच असतात. साफ करूनही तापमान उतरलं नाही आणि कार्ड चार-पाच वर्षांचं असेल तर आतली थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) वाळली असावी. ती बदलणं अवघड नाही, पण आतले पॅड फाटले तर त्याच जाडीचे मिळवावे लागतात. पहिल्यांदा करत असाल तर जाणकाराकडून करून घ्या.

कुलरचं काय? कुलरच्या झोतात कॅबिनेट ठेवणारे खूप दिसतात. हवा गार असते हे खरं, पण सोबत तुषार उडतात, आणि दर्यापूरसारख्या खारपाणपट्ट्यातल्या गावात ते पाणी खारं असतं. बोर्डावर हिरवट-पांढरे डाग दिसले तर कारण हेच. कुलर खोली गार करू दे, कॅबिनेट झोताच्या बाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून थोडं वर ठेवा. टेबलाच्या बंद कप्प्यात नको.

लाईट

घरातली वीज २३० व्होल्ट असावी, दहा टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे २०७ ते २५३. रब्बीत एका डीपीवर मोटारी चालू झाल्या की मीटरवर १७०-१८० दिसणं आपल्याला नवीन नाही. कार्ड रिकामं बसलेलं असताना हे खपून जातं. गेम लावला की ते एकदम जास्त वीज मागतं, एसएमपीएस आधीच टेकीला आलेला असतो, आणि कॉम्प्युटर खटकन बंद.

एसएमपीएसवरचं लेबल वाचा. इनपुटसमोर "१००-२४०" लिहिलं असेल तर तो कमी व्होल्टेज बराच पचवतो. "२००-२४०" किंवा नुसतं "२३०" असेल, किंवा मागे ११५/२३० चं लाल बटन असेल, तर तो आपल्याकडच्या रात्रींसाठी बनलेला नाही. त्या लाल बटनाला कधी हात लावू नका, ११५ वर गेलं तर धूर निघतो. असेंबल कॉम्प्युटरमध्ये कॅबिनेटसोबत "४५० वॅट" लिहिलेला जो हलका एसएमपीएस येतो, त्याच्या आकड्यावर माझा विश्वास नाही. हातात घेऊन वजन बघा, म्हणजे माझं म्हणणं कळेल.

किती वीज लागते याचा अंदाज सोपा आहे. ज्या कार्डाला वेगळी वायर नाही ते स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट घेतं. सहा पिनची वायर आणखी ७५ देते, आठ पिनची १५०. जीटीएक्स १०५० टीआय ७५ वॅटमध्ये भागवतं. एएमडीच्या आरएक्स ५८० ला १८५ वॅट लागतात आणि त्यासाठी चांगल्या कंपनीचा ५०० वॅटचा एसएमपीएस हवा. हार्ड डिस्कच्या वायरीला जोडणी लावून कार्डाला वीज देण्याचा जुगाड करू नका, ती पिन वितळते.

मल्टिमीटर असेल तर डीसी २० व्होल्टवर लावा आणि एसएमपीएसच्या रिकाम्या मोठ्या चार पिनी कनेक्टरमध्ये काळी काडी काळ्या वायरीला, लाल काडी पिवळ्या वायरीला लावा. गेम चालू असताना ११.४ ते १२.६ च्या आत राहिलं पाहिजे. ११.३ दिसलं तर चोर सापडला. भिंतीतल्या सॉकेटचं मोजमाप मात्र वायरमनकडून करून घ्या.

स्टॅबिलायझर असूनही रीस्टार्ट होतो अशी तक्रार असते. स्टॅबिलायझर "टक्" वाजतो तेव्हा क्षणभर वीज तुटते. चांगला एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंदांचा खंड भरून काढतो, स्वस्तातला नाही काढत. वहीत "टक् वाजलं आणि बंद" अशा नोंदी असतील तर स्टॅबिलायझर बदलण्याऐवजी एसएमपीएस बदला. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याचं बटन यूपीएस मोडवर हवं, नाहीतर लाईट जाताना तो सावकाश उठतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चांगले एसएमपीएससुद्धा घरघरतात किंवा बंद पडतात. नवा घ्याल तेव्हा साइन वेव्ह घ्या. आणि ६०० व्हीएचा छोटा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. लाईट गेल्यावर मॉनिटरसकट गेम खेळत बसण्यासाठी तो नाही, सेव्ह करून बंद करण्यासाठी आहे.

आता अर्थिंग. अनवाणी पायानं फरशीवर उभं राहून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर बारीक झिणझिण्या येतात ना? अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे पत्र्यावर साधारण अर्धं व्होल्टेज, म्हणजे ११५ च्या आसपास चढतं. करंट अगदी थोडा असतो, पण अशा अवस्थेत चालू टीव्हीला एचडीएमआयची केबल लावली तर कार्डाचं पोर्ट जाऊ शकतं. केबल लावताना टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्हींच्या विजेच्या पिना काढलेल्या असू द्या. घरी अर्थिंग आहे पण उन्हाळ्यातच झिणझिण्या येतात, यामागे आपली काळी माती आहे. ती वाळून भेगाळली की खड्ड्यातल्या प्लेटची पकड सुटते. मार्चपासून त्या खड्ड्यात पाणी ओतत राहा.

मग ड्रायव्हर

एवढं करूनही पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारचा बिघाड चालूच असेल, तर आता ड्रायव्हर. विंडोज अपडेटनंतर लगेच सुरू झालं असेल तर आधी मागे जा: स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अॅडाप्टर्स, कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये "रोल बॅक ड्रायव्हर". बटन फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. तिथेच कार्डाच्या जागी "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अॅडाप्टर" दिसलं तर ड्रायव्हर बसलेलाच नाही.

नव्यानं टाकायचा तर तो फक्त एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. "सगळे ड्रायव्हर आपोआप शोधतो" म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअरं लांब ठेवा. फाइल कित्येकशे एमबीची असते. मोबाइलच्या रोजच्या डेटातून अर्धी उतरून तुटली तर इन्स्टॉल करताना विचित्र एरर येतात, तेव्हा रेंज चांगली असेल तेव्हाच उतरवा.

सगळ्यात नवा तो सगळ्यात चांगला, असं जुन्या कार्डांबाबत नसतं. गावात अजून चालणाऱ्या जीटी ७१० आणि बहुतेक जीटी ७३० साठी ४७० च्या मालिकेतला ड्रायव्हर लागतो. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांसाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा. गेमसाठीचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत, पुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेपुरते.

पूर्ण साफ करून टाकायचा क्रम:

१. नवा ड्रायव्हर आणि डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर (लोक त्याला डीडीयू म्हणतात) दोन्ही आधीच उतरवून पेनड्राइव्हवरही ठेवा. रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे गडबड झाली तर विंडोज मागे नेता येतं.

२. विंडोजचा पासवर्ड आठवतो का बघा. पुढे सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींवर चालणाऱ्या विंडोजमध्ये) जायचंय, तिथे लॉगिनचा पिन कधी कधी चालत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा.

३. इंटरनेट बंद करा, वायफाय आणि मोबाइलची केबल दोन्ही. नाहीतर तुम्ही काढता काढता विंडोज स्वतःच्या मनानं दुसरा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं.

४. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, मग ४ दाबा, म्हणजे सेफ मोड सुरू होतो.

५. डीडीयूमध्ये कार्डाची कंपनी निवडा आणि "क्लीन अँड रीस्टार्ट".

६. नेट बंद असतानाच नवा ड्रायव्हर टाका, रीस्टार्ट करा, मगच नेट जोडा.

रीस्टार्टच करा, शटडाऊन नव्हे. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शटडाऊन पूर्ण होत नाही, जुन्या गोष्टी पुढच्या वेळी तशाच उठतात.

यूट्यूब बघताना किंवा क्रोममध्येच स्क्रीन काळी होत असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद करून दोन दिवस बघा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) जाऊन, कार्डाच्या उत्तराची विंडोज वाट बघतं ते सुरुवातीला सांगितलेले दोन सेकंद दहा करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. लांबलचक रेंडरिंगसाठी त्याचा थोडा उपयोग होतो, गेमच्या बिघाडाला तो फक्त झाकतो. आणि कुणीतरी "हलकं विंडोज" म्हणून टाकून दिलेलं काटछाट केलेलं विंडोज असेल, तर आधी सरळ मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं विंडोज टाका. नाहीतर वरचे सगळे प्रयोग वाया.

कार्डावर संशय आला तर

एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिलं काम: एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कोअर क्लॉक (कार्डाच्या चिपचा वेग) ५० मेगाहर्ट्झनं कमी करा आणि पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. यानं बिघाड थांबला तर कार्ड थकलंय, पण असं चालवून आणखी काही काळ काढता येईल. रॅमला एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) लावलं असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये) तेही बंद करून बघा, रॅमच्या चुका पुष्कळदा ड्रायव्हरच्या नावावर खपतात.

प्रोसेसरमध्ये स्वतःचं ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून, मॉनिटर मदरबोर्डला जोडून दोन-तीन दिवस रोजचं काम करा. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर ही सोय नसते. सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे मित्राच्या कॉम्प्युटरमध्ये आपलं कार्ड लावणं. तिथेही कोसळलं तर निकाल लागला.

जुनं कार्ड ऑनलाइन स्वस्तात घेतलं असेल तर जीपीयू-झेड उघडा. नावाच्या आधी "फेक" लिहून आलं तर कार्डाचा स्वतःचा बायोस बदलून जुनंच कार्ड नव्या नावानं विकलंय, त्याला कुठलाही ड्रायव्हर धड चालणार नाही. आरएक्स ५८० घेताना जीपीयू-झेडमधला शेडरचा (कार्डातल्या छोट्या गणकांचा) आकडा बघा: खऱ्यात २३०४, चीनसाठी काढलेल्या कमी ताकदीच्या प्रकारात २०४८. क्रिप्टो-चलनाच्या मायनिंगमधून आलेल्या कार्डांत पुष्कळदा बायोस छेडलेला असतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये "कोड ४३" येतो. काही कार्डांवर दोन बायोसचं बारीक बटन असतं. कॉम्प्युटर बंद करून ते दुसरीकडे सरकवून बघा, कधी कधी मूळ बायोस तिथे शाबूत सापडतो.

वॉरंटी बाकी असेल तर कार्ड उघडू नका, वरून ब्रश मारणं वेगळं. पाठवण्याआधी सीरियल नंबरच्या स्टिकरचा आणि बिलाचा फोटो काढा, बिघाड होतानाचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि वहीतल्या नोंदींची झेरॉक्स सोबत द्या. कार्ड मूळच्या अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, ती नसेल तर मदरबोर्डच्या खोक्यातली चालते. थर्माकोलच्या चुऱ्यात नुसतं कार्ड ठेवू नका. दुकानदार "आमच्याकडे चाललं" म्हणून परत देईल तेव्हा त्याला विचारा, किती वेळ चालवून बघितलं आणि कुठला प्रोग्राम लावला होता.